वाचक हरिभाऊ : कादंबरीवाचन आणि कादंबरीकाराची घडण

१

लेखक जन्मावा लागतो की घडवावा लागतो, हा वाद आपल्याकडे नवा नाही. प्रतिभा ही दैवी देणगी मानणाऱ्यांना अभ्यासाची भाषा रुचत नाही. आणि अभ्यासावर भर देणाऱ्यांच्या हाती बहुधा नियमांची एक यादी उरते, जिच्यातून आजवर एकही चांगली कादंबरी निर्माण झालेली नाही. आमच्या पदव्युत्तर वर्गांतही हा प्रश्न दरवर्षी निराळ्या रूपाने उपस्थित होतो. ज्याला स्वतः कथा-कादंबरी लिहावयाची आहे असा एखादा विद्यार्थी भीतभीत विचारतो, की दुसऱ्यांच्या कादंबऱ्या फार वाचल्या तर आपली स्वतंत्रता नष्ट होणार नाही काय? या भीतीमागे आपल्या वाङ्मयेतिहासाचा एक संस्कार आहे. 'स्वतंत्र', 'रूपांतरित', 'अनुकरणात्मक' असे शिक्के मारून एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांची वर्गवारी करण्याची सवय आपल्याला लागली आहे. या वर्गवारीत पुस्तके नीट लागतात; परंतु पुस्तक लिहिणारा मनुष्य आदल्या पुस्तकाकडून पुढच्या पुस्तकाकडे कसा गेला, हे तिच्यातून दिसत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या उदाहरणावरून तपासावयाचा आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. हरिभाऊंनी लिहावयास आरंभ केला तेव्हा मराठीत कादंबरीलेखन शिकविणारा कोणी गुरू नव्हता, त्या विषयावरचा ग्रंथ नव्हता, आणि ज्याच्या पाठोपाठ जावे असा थोर पूर्वसूरीही त्या प्रकारात नव्हता. त्यांच्यापाशी वाचन होते. त्या वाचनाने त्यांना काय दिले, आणि काय देणे वाचनाच्या हाती नव्हते, हा आपल्या विवेचनाचा विषय होय.

या शोधासाठी लागणारी परिभाषा परकीय ग्रंथांतून आणण्याचे कारण नाही. मम्मटाने अकराव्या शतकात काव्यनिर्मितीच्या कारणांचा विचार करताना तीन गोष्टी सांगितल्या : जन्मजात शक्ती, लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास. या तीन गोष्टी मिळून हेतू मात्र एकच होतो, तीन वेगळे हेतू होत नाहीत, असा त्याचा आग्रह आहे. येथे काव्याचे अवलोकन आणि लोकाचे अवलोकन एकाच पदात गोवलेले आहेत, ही गोष्ट आपल्याला पुढे उपयोगी पडेल. दुसरे साहाय्य त्याच्याही आधीच्या आनंदवर्धनाचे. दोन कवींच्या कृतींत आढळणाऱ्या साम्याचे त्याने तीन प्रकार केले. एक साम्य प्रतिबिंबासारखे असते, दुसरे चित्रासारखे, तिसरे दोन देहधारी व्यक्तींमधल्या साम्यासारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो आणि चित्राचा आत्मा तुच्छ असतो. परंतु दोन माणसे एकमेकांसारखी दिसली तरी प्रत्येकाचा जीव निराळा असतो, म्हणून तसले साम्य कवीने टाळण्याचे कारण नाही. आनंदवर्धनाने हा भेद काव्यवस्तूच्या साम्यापुरता सांगितला. लेखकाच्या घडणीकडे पाहताना तो आपण थोडा पुढे नेणार आहोत.

२

हरिभाऊंच्या पूर्वी मराठी वाचकासमोर कोणते कथावाङ्मय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. १८४१ मध्ये बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने आले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली आणि तिच्यामागून नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टींना मराठी रूप दिले. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' प्रसिद्ध झाली आणि शिवकालाला कादंबरीचे दार उघडले. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मांडणी केली, ती अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की यांपैकी प्रत्येक कृती ही तिच्या कर्त्याच्या वाचनाची साक्ष आहे. या वाङ्मयप्रकाराला आपण दिलेले नावच बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलेले. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या पानापानांवर संस्कृत कथाकाव्याचे अलंकरण आणि अरबी गोष्टींची नवलाई एकत्र नांदताना दिसतात. नायिकेच्या सौंदर्याचे वर्णन कसे करावे, उद्यान कसे रंगवावे, वियोगानंतर पुनर्मीलन कसे घडवावे, हे सर्व त्या लेखकांना पूर्वीच्या ग्रंथांनी शिकविले होते. जे त्या ग्रंथांत नव्हते ते त्यांना शिकता आले नाही. शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या मुलीचे बोलणे कागदावर कसे उतरवावे, हे बाणभट्ट शिकवीत नाही. त्याच्या कलेचा तो विषयच नव्हे. म्हणून या लेखकांना प्रतिभा नव्हती असे म्हणून मोकळे होण्यापेक्षा, त्यांच्यासमोर कोणते नमुने होते हा प्रश्न विचारणे अधिक न्याय्य होईल.

३

हरिभाऊंचा जन्म १८६४ मध्ये खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. ही शाळा १८८० मध्ये निघाली. 'निबंधमाले'च्या कर्त्याचे सान्निध्य हे केवळ देशाभिमानाचे शिक्षण नव्हते. विष्णुशास्त्री हे व्यासंगी आणि चोखंदळ वाचक होते. जॉन्सनच्या 'रासेलस'च्या मराठी भाषांतराशी त्यांचे नाव निगडित आहे आणि भाषेची घडण, कवित्व, वाचन हे विषय त्यांनी विचारासाठी घेतले होते. १८८२ मध्ये ते निवर्तले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी 'शिष्यजनविलाप' हे काव्य लिहिले. वाचनाचा पहिला संस्कार कोणाकडून झाला हे या कृतीच्या नावातच आलेले आहे.

१८८३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केले, आणि विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी आपल्या शिक्षकाच्या त्या ग्रंथावर दीर्घ परीक्षण लिहिले. या घटनेचा उल्लेख हरिभाऊंच्या बुद्धिमत्तेचे लक्षण म्हणून केला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. भाषांतराचे परीक्षण करणाऱ्याला मूळ कृती आणि तिचे मराठी रूप शेजारी ठेवून, वाक्यामागून वाक्य वाचावे लागते. एका भाषेतील पात्राचा संताप दुसऱ्या भाषेत का विझला, एखादे वाक्य तेथे बोललेले वाटते आणि येथे लिहिलेले का वाटते, याची कारणे द्यावी लागतात. हे गोष्टीसाठी केलेले वाचन नव्हे. हे रचनेसाठी केलेले वाचन होय. रसिक कृतीचा परिणाम अनुभवतो. लेखक होऊ पाहणारा वाचक तो परिणाम अनुभवून पुन्हा मागे वळतो आणि तो कोठून निर्माण झाला हे शोधतो. हरिभाऊंनी हे मागे वळणे एकोणिसाव्या वर्षीच आत्मसात केले होते.

त्यांनी महाविद्यालयीन परीक्षांचा मार्ग पदवीपर्यंत नेला नाही. परंतु भाषांतर आणि रूपांतर यांचा उद्योग त्यांनी पुढेही सोडला नाही. मोलियरच्या प्रहसनांवरून 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि 'जबरीचा विवाह', ह्यूगोच्या नाटकावरून 'जयध्वज' ही नाटके त्यांनी रचली. नाटककार म्हणून त्यांचे स्थान फार वरचे नाही. तथापि मोलियरचा वैद्य मराठी घरात वावरू लागला म्हणजे त्याने कोणत्या शब्दांत बोलावे, या प्रश्नाशी झटणारी लेखणी पुढे कादंबरीतील संवाद लिहिणार होती, हे विसरता येत नाही.

४

१८८५ मध्ये हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' ही 'पुणेवैभव' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिला आधार होता रेनल्ड्सच्या जुन्या लंडनमधील रहस्यांवरील कादंबरीचा. जॉर्ज रेनल्ड्स (१८१४–१८७९) हा इंग्लंडमध्ये स्वस्त साप्ताहिक भागांतून गोष्टी पुरविणारा लेखक. तिकडच्या प्रतिष्ठित टीकाकारांनी त्याची गणना हलक्या लेखकांत केली. परंतु एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात त्याच्याइतका वाचला गेलेला इंग्रज कादंबरीकार क्वचितच दुसरा असेल. ग्रंथालयांतून त्याची पुस्तके सतत फिरत असत आणि देशी भाषांत त्यांची रूपांतरे होत असत.

येथे अभिरुचिसंपन्न टीकाकाराची अडचण होते. मराठी सामाजिक कादंबरीच्या जनकाने आरंभी रेनल्ड्सचे बोट धरावे, हे त्याला लाजिरवाणे वाटते. पण शिकाऊ लेखकाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. अतिश्रेष्ठ कृतीचे तंत्र तिच्या पोटात इतके मुरलेले असते, की नवख्याला त्याचे सांधे दिसत नाहीत. रेनल्ड्ससारख्या लेखकाचे सांधे मात्र उघडे असतात. एका कथासूत्राला कोठे थांबवावे, दुसरे कोठे उचलावे. प्रकरणाच्या शेवटी वाचकाच्या मनात कोणता प्रश्न ठेवावा. शहरातील श्रीमंताची माडी आणि गुंडांचा अड्डा यांना एका कथेत कसे बांधावे. या गोष्टी त्याच्याकडून शिकता येतात, कारण त्याच्यापाशी लपविण्यासारखे दुसरे थोडेच असते. ज्याला साप्ताहिकातून क्रमशः कादंबरी चालवावयाची आहे त्याला हे ज्ञान जरूरीचेच होते.

'मधली स्थिति' हे मात्र नुसते प्रतिबिंब राहिले नाही. लंडनच्या रहस्यांचा सांगाडा घेऊन हरिभाऊंनी त्यात पुण्यातील नवशिक्षितांचे जग बसविले. जुने आचार सुटले आणि नवे विचार पुरते रुजले नाहीत, अशी मधली अवस्था त्या नावानेच सूचित होते. आनंदवर्धनाच्या भाषेत बोलावयाचे तर ही कादंबरी प्रतिबिंब आणि चित्र यांच्या दरम्यान कोठेतरी उभी आहे. सांगाडा परका आणि रक्तमांस आपले, असा हा प्रकार. आणि दोन्ही एकजीव झालेली नाहीत, हे वाचकाला जाणवते. परंतु हे न जुळणेच लेखकाला शिकविणारे ठरले असावे. उसन्या रचनेत स्वतःचा अनुभव भरताना ती रचना कोठे ताणली जाते, हे ज्याला कळले, त्यालाच पुढे आपल्या अनुभवासाठी कोणती रचना हवी हा प्रश्न पडतो.

५

या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांनी मिळाले. १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी येऊ लागली. १८९३ पर्यंत ती पूर्ण झाली. मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते : बालपण, विवाह, सासर, मुंबईतील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि त्यानंतरचा छळ. या कादंबरीचा गौरव सामाजिक दस्तऐवज म्हणून पुष्कळ झाला आहे. आपल्याला तिच्या रचनेकडे पाहावयाचे आहे.

त्यासाठी तिच्या शेजारी 'यमुनापर्यटन' ठेवणे फलदायी होईल. दोन्ही कादंबऱ्यांच्या नायिकेचे नाव यमुना. दोन्हींचा विषय हिंदू विधवेची दुःस्थिती. दोघींचेही पती नव्या विचारांचे. म्हणजे विषय, पात्राचे नाव आणि लेखकाची सहानुभूती यांत अंतर नाही. अंतर आहे ते कथनात. बाबा पदमनजींची यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि गावोगावच्या विधवांच्या कहाण्या तिच्या कानांवर येतात. प्रत्येक कहाणी हा एक पुरावा आहे. पुरावे जमत जातात आणि शेवटी यमुनेवरच तो प्रसंग येतो. रचना प्रवासाची आणि हेतू प्रतिपादनाचा. धर्मप्रचारपर कथांचे ज्याने वाचन केले त्याच्या हाती ही रचना सहज यावी, आणि १८५७ मध्ये तिने केलेले काम लहान नव्हे.

हरिभाऊंची यमू कोणत्याही विधवेची गोष्ट पुरावा म्हणून सांगत नाही. ती लहानपणापासून आरंभ करते. वडिलांचा धाक, भावाशी असलेली जवळीक, मैत्रीण दुर्गी आणि तिची संसारातील ससेहोलपट, सासरच्या माणसांचे टोमणे, या सर्वांतून वाचक तिच्याबरोबर मोठा होतो. म्हणून जेव्हा शंकरमामंजींच्या अमलाखाली तिच्या केशवपनाचा प्रसंग येतो, तेव्हा 'विधवांचे केशवपन' ही सामाजिक समस्या वाचकासमोर उभी राहत नाही. आपल्या ओळखीच्या यमूवर हे आले, एवढेच त्याला कळते. एखाद्या रूढीविरुद्ध शंभर युक्तिवाद जे करू शकत नाहीत ते या ओळखीने साधले.

ही ओळख घडविणारी योजना, म्हणजे बालपणापासून स्वतःच्या तोंडाने सांगितलेले जीवन, मराठीत पूर्वी नव्हती. इंग्रजी कादंबरीत ती रुळलेली होती. 'जेन एअर' (१८४७) आणि 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९–५०) ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत. लहान मुलाच्या नजरेने वडील माणसांचे जग पाहावे, आणि त्या नजरेला जे कळत नाही ते वाचकाला कळावे, ही त्या योजनेतील खरी शक्ती. हरिभाऊंनी ती कादंबरीवाचनातून ओळखली आणि तिचा उपयोग अशा व्यक्तीसाठी केला, जिला त्या समाजात बोलण्याचाच अधिकार नव्हता. निवेदनपद्धतीची ही निवड योगायोगाची नव्हती, याचे एक गमक असे, की त्यामागून आलेल्या 'मी' (१८९३–९५) या कादंबरीत त्यांनी पुन्हा आत्मनिवेदनच घेतले, परंतु या वेळी निवेदक पुरुष, आणि प्रश्न संसाराचा नव्हे तर लोकसेवेस वाहिलेल्या जीवनाचा. एकाच साधनाने दोन निराळी कामे करून पाहण्याची ही कारागिराची वृत्ती आहे.

मात्र यमूची भाषा कोणत्याही इंग्रजी कादंबरीतून आलेली नाही. तिचे लाडिक, ठसक्याचे, मधूनच स्वतःशी बोलल्यासारखे बोलणे, आजी-आत्यांची शब्दकळा, घरातील उणीदुणी, हे सर्व पुण्याच्या वाड्यांतून ऐकलेले आहे. मम्मटाने लोक आणि काव्य यांचे अवलोकन एकाच पदात का गोविले, ते येथे प्रत्ययास येते. हरिभाऊंच्या सभोवती ही भाषा जन्मापासून होती. त्यांच्या पूर्वीच्या लेखकांच्याही सभोवती ती होतीच. मग ती कादंबरीत तोपर्यंत का आली नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे उत्तर असे : साध्या घरगुती बोलण्यावर गंभीर कादंबरी उभी राहू शकते, हे दिसल्यावाचून ते बोलणे लिहिण्याजोगे आहे असे कोणाला वाटलेच नाही. परकीय कादंबरीने हरिभाऊंना भाषा दिली नाही. आपल्या भाषेकडे कान देण्याची परवानगी दिली. वाचनाचे लेखकावरील सर्वांत मोठे ऋण कदाचित हेच असते.

६

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा क्रम लावील, की प्रथम भाषांतर, मग रूपांतर, आणि शेवटी स्वतंत्र लेखन. आणि स्वतंत्र लेखन साधले की शिकणे संपले. इतिहास या क्रमाला दुजोरा देत नाही. 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली जात होती त्याच सुमारास हरिभाऊ 'म्हैसूरचा वाघ' हीही कादंबरी लिहीत होते, आणि ती मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवरून (१८४०) घेतलेली होती. म्हणजे मराठीतील पहिली श्रेष्ठ स्वतंत्र सामाजिक कादंबरी ज्या हाताने लिहिली तोच हात, ऐतिहासिक कादंबरीच्या प्रांतात, पुन्हा शिकाऊ उमेदवार होऊन परक्याच्या ओळी गिरवीत होता. एका प्रकारात मिळविलेले प्रभुत्व दुसऱ्या प्रकारात आपोआप जात नाही, हे त्यांनी जाणले होते.

पुढे १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' आली. तिच्यावर वॉल्टर स्कॉटचा संस्कार आहे हे सर्वमान्य आहे; पण तो संस्कार नेमका कोठे आहे हे पाहिले पाहिजे. स्कॉटचा महत्त्वाचा शोध असा, की इतिहासातील थोर पुरुषाला कथेच्या मध्यभागी न ठेवता काठावर ठेवावे आणि मध्यभागी दोन पक्षांत ओढला जाणारा एखादा साधा तरुण ठेवावा. १८१४ च्या 'वेव्हर्ली'त त्याने हेच केले. 'उषःकाला'त विजापूरच्या सेवेत निष्ठेने राहिलेला पिता आणि स्वराज्याच्या नव्या उद्योगाकडे ओढला गेलेला पुत्र यांच्या मनातील झगड्यावर कथा उभी आहे. शिवकालीन महाराष्ट्रात हा झगडा घरोघर घडला असला पाहिजे. स्कॉटने त्याचे स्थान दाखविले, पण त्यातील दुःख त्याने दिलेले नाही. स्वामिनिष्ठा आणि स्वधर्म, पितृभक्ती आणि देशभक्ती यांतील पेच हा येथल्या मातीतला आहे. आनंदवर्धनाने ज्याला दोन देहधारींचे साम्य म्हटले, ते हेच.

७

हरिभाऊंच्या उदाहरणावरून सर्वसामान्य सिद्धान्त काढण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. त्यांना वाचनाची जी मोकळीक होती ती त्यांच्या काळातील सर्वांना नव्हती. पुण्यात १८४८ पासून सार्वजनिक ग्रंथालय होते, पण तेथवर जाण्याची वाट अर्ध्या समाजाला बंद होती. हरिभाऊंच्या निकटच्या वाङ्मयीन स्नेही काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पती गोविंदराव यांच्या इच्छेखातर त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या, आणि तेही घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आणि उपहास सोसून. पुढे त्यांनी 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. १९०३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मराठीतील आरंभीच्या स्त्री-कादंबरीकारांत त्यांचे स्थान निश्चित आहे.

काशीबाईंच्या बाबतीत वाचन हा लेखनकलेचा अभ्यास होण्यापूर्वी एक धाडस होते. हरिभाऊ पुस्तक उघडीत तेव्हा त्याची रचना कशी आहे हा प्रश्न ते विचारू शकत. काशीबाईंना आधी पुस्तक उघडण्याचा हक्क मिळवावा लागला. यमूही पतीच्या प्रोत्साहनाने लिहावयास-वाचावयास शिकते आणि म्हणूनच आपली हकीकत सांगू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कादंबरीतील आत्मनिवेदनाला एक निराळा अर्थ प्राप्त होतो. कानिटकर दांपत्याचा सहवास लाभलेल्या लेखकाने हे चित्र केवळ कल्पनेने रंगविले नसावे. वाचनाने लेखक घडतो हे खरे. परंतु कोणाच्या हाती पुस्तक पडू दिले गेले, यावरही कोणत्या समाजाला कोणते लेखक मिळाले हे ठरते. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील कित्येक रिकाम्या जागांचे कारण प्रतिभेच्या अभावात न शोधता येथे शोधले पाहिजे.

८

वाचनातून गुण येतात तसे दोषही येतात, हेही नमूद केले पाहिजे. रेनल्ड्सकडून घेतलेल्या साप्ताहिक रचनेने हरिभाऊंना वाचक धरून ठेवण्याची हातोटी दिली. त्याबरोबर पाल्हाळही दिला. अंकामागून अंक भरावयाचा असल्यामुळे प्रसंग लांबत, उपकथानके वाढत, निवेदक वाचकाशी गप्पा मारीत राही. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्या 'कादंबरी' या निबंधात मराठी कादंबरीची युरोपातील श्रेष्ठ कादंबरीशी तुलना करून तिचे खुजेपण परखडपणे दाखविले. त्या निबंधातील कित्येक विधाने आज मान्य होणार नाहीत. पण लेखकाची उंची त्याने समोर ठेवलेल्या आदर्शांच्या उंचीशी निगडित असते, ही त्यामागील जाणीव निःसंशय योग्य होती. हलक्या पुस्तकातून सांधे शिकता येतात, परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्याचे घर सांध्यांचेच राहते.

हरिभाऊंच्या नंतरच्या पिढीची परिस्थिती बदलली. तिच्यासमोर स्वतः हरिभाऊ होते. जेथे त्यांना परक्या भाषेतील नमुन्यांवरून अंदाजाने जावे लागले, तेथे पुढच्या लेखकांना मराठीतच अनुसरावयास किंवा नाकारावयास एक परंपरा मिळाली. वामन मल्हार जोशी यांनी 'रागिणी'त कादंबरी तत्त्वचर्चेकडे वळविली ती या पायावर उभे राहूनच. १९३१ मध्ये ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' लिहून लेखनतंत्राचा पद्धतशीर विचार मांडला. आता शिकाऊ लेखकाला ग्रंथ मिळाला. त्या ग्रंथाचे ऋण मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे, की तंत्राचे नियम हे वाचनाचे सार असतात, वाचनाचे पर्याय नसतात. प्रकरणाचा शेवट उत्कंठावर्धक असावा, हा नियम एका वाक्यात सांगता येतो. तो कोठे मोडावा हे मात्र पुष्कळ कादंबऱ्यांची पुष्कळ प्रकरणे वाचल्यावाचून कळत नाही.

सारांश, आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या भीतीला हरिभाऊंच्या चरित्रातून जे उत्तर मिळते ते असे : वाचनाने स्वतंत्रता जात नाही, अपुऱ्या वाचनाने जाते. ज्याने एकच लेखक वाचला आहे तो त्याचे प्रतिबिंब होतो. ज्याने अनेक वाचले, त्यांना शेजारी ठेवून तपासले, एखाद्याचे भाषांतर करून पाहिले, एखाद्याच्या सांगाड्यात आपला अनुभव घालून तो कोठे तुटतो हे अनुभवले, त्याला आपली रचना सापडण्याचा संभव असतो. संभव म्हणतो, निश्चिती नव्हे. कारण शक्ती आणि लोकावलोकन या उरलेल्या दोन गोष्टी कोणतेही ग्रंथालय पुरवू शकत नाही.

आमच्या विभागांतून कादंबरीचे वाचन आज प्रामुख्याने आशय, समाजचित्रण आणि प्रवृत्ती यांच्या अंगाने होते. ते आवश्यक आहे. परंतु त्याच्या जोडीला, 'मधली स्थिति' आणि 'पण लक्षांत कोण घेतो' यांची दोन प्रकरणे शेजारी ठेवून, एकाच लेखकाने पाच वर्षांत काय सोडले आणि काय मिळविले याचा ओळीओळीने शोध घेण्याचा पाठ एखाद्या सत्रात देऊन पाहावा. त्यातून वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक तयार होईलच. आणि वर्गात मागच्या बाकावर एखादा भावी कादंबरीकार बसलेला असेल, तर त्यालाही हरिभाऊंना जे शिक्षण एकट्याने मिळवावे लागले ते थोडे सुलभ होईल.